रिक्रूटिंग सेवेची वर्गणी भरण्यापूर्वी
आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमची धाकटी मुलगी शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ रचणारी खेळाडू, आहे. तिची माहिती महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षकांपर्यंत पोहोचावी म्हणून गेल्या वर्षी आम्ही एका खासगी सेवेची ९०० डॉलर वर्गणी भरली. गुणपत्रक, सामन्यांचे वेळापत्रक, ईमेलचे मसुदे ही कामे त्यांनी नीट केली. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यांनी बनवलेल्या तीन मिनिटांच्या चित्रफितीबद्दल. तिच्यात प्रत्येक चेंडू जाळीतच पडतो. चुकलेला पास, पंचांनी दिलेला फाऊल, बाहेर बोलावल्यानंतरचा चेहरा हे सारे कात्रीत गेले होते, आणि पेनसिल्व्हेनियातील एका डिव्हिजन ३ (महाविद्यालयीन खेळांतील तिसरी श्रेणी) महाविद्यालयाच्या प्रशिक्षिकेला नेमके तेच पाहायचे होते. तिने आभार मानून पूर्ण सामन्याचे चित्रण मागितले.

आम्ही फोनवर घेतलेले, मधूनमधून कुणाचे तरी डोके आडवे येणारे चित्रण पाठवले. त्यात चौथा फाऊल झाल्यावर मुलगी बाहेर येते, टॉवेल डोक्यावर ओढून बाकाच्या टोकाला बसते आणि थोड्या वेळाने उठून, आपल्या जागी गेलेल्या नवख्या मुलीला बचावात कुठे उभे राहायचे ते ओरडून सांगू लागते. प्रशिक्षिकेने फोनवर पहिला प्रश्न त्या टॉवेलबद्दलच विचारला. ‘रुसले होते’, असे मुलीने सरळ सांगून टाकले. पुढे कळले की बाईंनी शाळेच्या समुपदेशकांकडेही चौकशी केली होती. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही; पैशाने न बांधलेली मुलगी चार वर्षे टिकेल का, हे त्यांना स्वभावावरूनच ताडावे लागत असावे.

यात गुपित काहीच नाही. कनेटिकट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाला १२ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांनी २०१६ मध्येच पत्रकारांना सांगितले होते की, सामन्याचे चित्रण पाहताना आपण बाकावर काय चालले आहे तेही पाहतो आणि तिथे मरगळून बसणाऱ्या खेळाडूला खेळवत नाही. या व्यवसायात पैसे घेणाऱ्यांना एवढे ठाऊक असायला हवे. पूर्ण सामना का दाखवत नाही, असे आम्ही सेवेला विचारले तेव्हा ‘प्रशिक्षकांना वेळ नसतो’, एवढेच उत्तर मिळाले. पहिल्या नजरेपुरते ते खरेही असेल.

वर्गणी आम्ही पुढे चालू ठेवली नाही. मुलीचे पान मात्र त्यांच्या संकेतस्थळावर अजून आहे, तिची उंची दोन इंचांनी कमी दाखवत.