कॅडबरी मिनी एग्ज : खायला मस्तच, पण बेकिंगला घेताय तर हे वाचा

यूकेत ख्रिसमसचं डेकोरेशन उतरतंय न उतरतंय तोवर सुपरमार्केटमध्ये ईस्टरचा माल लागतो, आणि त्यात आमच्याकडे सगळ्यात आधी घरात येतात ते कॅडबरीचे मिनी एग्ज. छोटी छोटी, आतून भरीव मिल्क चॉकलेटची अंडी, वर साखरेचं कवच, पांढरी पिवळी गुलाबी जांभळट. १९६७ पासून मिळतायत आणि अजूनही पाकीट फोडलं की ते संपेपर्यंत कोणी जागचं हलत नाही, त्यामुळे नुसतं खायला कसे लागतात हे सांगायची गरजच नाही. मी लिहितेय ते बेकिंगबद्दल, कारण रीलमध्ये कुकीवर जी अख्खी, रंग जसाच्या तसा असलेली अंडी दिसतात ना, ती तशी ओव्हनमधून बाहेर येत नाहीत, नंतर लावलेली असतात.

कारण सोपंय. हे कवच आपल्या संक्रांतीच्या हलव्यासारखंच बनतं, हलव्याला परातीत खसखशीवर थोडा थोडा पाक घालत हाताने थर चढवतात, इथे फिरत्या ड्रममध्ये चॉकलेटवर चढवतात, एवढाच फरक (आणि काटा येत नाही). आता मिल्क चॉकलेट तिशी ओलांडली की मऊ पडायला लागतं आणि आपण ते घालतोय १८० डिग्रीला, म्हणजे आतलं चॉकलेट पातळ होऊन फुगतं, कवचाला तडे जातात, गुलाबी रंग मळकट होतो आणि कडेला तपकिरी डाग. चवीला काही वाईट नाही हां, उलट ते जरा कॅरमलसारखं लागतं, पण फोटो विसरा.

म्हणून ब्राउनी करताना मी अर्धे एग्ज फोडून मिश्रणात घालते आणि अर्धे अख्खे बाजूला ठेवते, ट्रे बाहेर काढला की लगेच, वरचा पापुद्रा गरम आहे तोवरच ते हलक्या हाताने दाबून बसवायचे. प्रत्येक अंडं अर्धं आत रुततं, तळाशी थोडं वितळून चिकटतं, वरचा रंग तसाच राहतो आणि गार झाल्यावर वडी कापताना निसटत नाही. फक्त सुरी अंड्यांच्या मधून चालवा, अंड्यावर आली की कवच फुटून सगळीकडे चुरा होतो. फोडायचे असतील तर पण सुरी नकोच, एग्ज टुणकन उडून थेट फ्रिजखाली जातात, झिपच्या पिशवीत घालून बत्त्याने दोन ठोके द्या, दोन-तीन तुकडे झाले की थांबा, पीठ केलंत तर कवचाचा कुरकुरीतपणा गेला.

पण खरी मजा घरट्यांमध्ये आहे, इथल्या शाळेतली सगळी पोरं करतात ती, ओव्हन लागतच नाही. १०० ग्रॅम चॉकलेट, ५० ग्रॅम बटर, तीन मोठे चमचे गोल्डन सिरप (साखरेचा मधासारखा दाट पाक) एकत्र वितळवायचं, त्यात १०० ग्रॅम कॉर्नफ्लेक्स, कपकेकच्या कागदात भरून मधे खळगा करून तीन-तीन एग्ज. मी कॉर्नफ्लेक्स थोडे कमी करून तुपात खरपूस भाजलेल्या बारीक शेवया घालते, काड्यांचं घरटं दिसतं अगदी, आणि तुपाचा वास येतो तो वेगळाच. सासूबाईंना केक-बिक फारसा आवडत नाही पण हे दोनदा मागून घेतलं.

सुपरमार्केटचे स्वतःच्या ब्रँडचे एग्ज पण आणून बघितले, स्वस्त आहेत, पण मला मिळालेल्या पाकिटात कवच जाड आणि आत चॉकलेट गोड मेणासारखं, वर फ्रिजमधून काढल्यावर पाणी सुटून रंग खाली उतरला. तसं फ्रिजमधून काढलेले कुठलेही एग्ज दमट हवेत थोडे डागाळतातच, त्यामुळे घरटी बाहेरच सेट होऊ द्या, घाई असेल तरच फ्रिज.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र हयगय नको. आकार नेमका घशात अडकेल असा, पाकिटावर चार वर्षांखालच्यांना देऊ नका असं लिहिलेलंय ते उगाच नाही, बर्थडेला धाकटी भावंडं येणार असतील तर अख्खे लावूच नका. शाळेत द्यायचे असतील तर ऍलर्जीची ओळ पण वाचा. आणि अंडं न खाणाऱ्यांनी कॅडबरीचंच क्रीम एग (आत क्रीम भरलेलं मोठं चॉकलेटचं अंडं) घेऊ नये, त्याच्या पांढऱ्या क्रीममध्ये खरंच अंड्याचा पांढरा भाग असतो, नावाला अंडं म्हणून सोडून देऊ नका.

किंमत? कोको महागल्यापासून पाकीट हातात घेताना जरा विचार होतोच. ब्राउनीच्या आत फोडून घालणं महाग वाटत असेल तर आत साधं मिल्क चॉकलेट घाला आणि एग्ज फक्त वर. ईस्टरचा रविवार गेला की सोमवार-मंगळवारी उरलेला माल बऱ्याचदा निम्म्या किमतीत निघतो, तेव्हा तारीख बघून दोन-चार पाकिटं उचला, आणि घरात कुठे ठेवलीत ते नवऱ्याला सांगू नका.