परदेशी राणी की दारातला मुंगळा?

मुंग्या पाळायच्याच, तर परदेशी राणी कुरियरने मागवायची की अंगणातलाच मुंगळा ठेवायचा?

परदेशीचा दिमाख मोठा, मान्य. पण युरोपातली काळी लासियस नायजर हिवाळाभर थंडीत निपचित पडते. रत्नागिरीच्या दमट उकाड्यात तिला फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवावं लागेल. हे नुसते हाल. उलट उष्ण प्रदेशातली जात इथे मजेत जगेल, आणि खरी भीती तिचीच. दक्षिण अमेरिकेतली लाल आगमुंगी १९३०च्या दशकात अलाबामातल्या मोबाइल बंदरातून अमेरिकेत शिरली, ती अजून हटलेली नाही. आपल्या आंबा-काजूवर पानं जोडून घरटी करणाऱ्या मुंग्या, म्हणजे हुमले, कीड खातात. त्यांच्या जागी असा पाहुणा घुसला तर बागायतदाराने जायचं कुणाकडे? शिवाय या हौसेपायी तिकडची रानंही लुटली जातात. केनियात २०२५ साली हजारो राण्या नळ्यांत भरून नेणारे पकडले गेले. चौघांना प्रत्येकी दहा लाख शिलिंग दंड किंवा वर्षभर कैद सुनावली.

मुंगळ्याचं सोपं. पावसाच्या तोंडावर पडवीच्या दिव्याखाली पंख गाळलेली राणी सापडते. काचेच्या नळीत पाणी, कापसाचा बोळा, वर अंधार. पहिल्या कामकरी निघेपर्यंत तिला खायलाही लागत नाही. वारूळ मात्र खणू नका. हुमल्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका, कडकडून चावतात.

हौस फिटली की मुंगळे सापडले त्याच आवारात सोडता येतात. परदेशी वसाहत फ्रीझरमध्ये मारावी लागते, आणि त्याला किती जणांचा हात धजेल, याची मला शंकाच आहे.