हायड्रोफिलिक कॅथेटर: नळीला चांगले गुण, पाकिटाला कमी

मज्जारज्जूला इजा झाली की मूत्राशय भरल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नाही आणि ते रिकामं करण्याचा हुकूमही खाली उतरत नाही. सुरुवातीला मूत्राशयात सतत ठेवलेली फुग्याची नळी (फोली कॅथेटर) निघाली की दर ४ ते ६ तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढणं हा अनेकांचा दिनक्रम होतो. त्यासाठी निर्जंतुक थाटमाट लागत नाही, स्वच्छता पुरते, हे अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये मांडलं. पद्धत तीच राहिली, नळ्या मात्र बदलल्या. हे परीक्षण लेप असलेल्या, म्हणजे हायड्रोफिलिक नळीचं आहे. तुलनेला नेलाटॉन, म्हणजे लेप नसलेली साधी सरळ पीव्हीसी (प्लास्टिक) नळी घेतली आहे.

लेपाचं काम खरोखर चोख आहे. साध्या नळीवर लावलेलं जेल बरंचसं मूत्रमार्गाच्या तोंडाशीच पुसलं जातं. पुरुषांचा मूत्रमार्ग साधारण २० सेंमी, त्यामुळे पुढचा प्रवास जवळजवळ कोरडा होतो. हायड्रोफिलिक नळीवरचा थर (बहुधा पीव्हीपी या पाणी शोषणाऱ्या पदार्थाचा) पाणी धरून ठेवतो आणि लेप असलेल्या सगळ्या लांबीवर ती सारखी निसरडी राहते. संवेदना नसलेल्या माणसाला आत ओरखडा पडलेला कळतच नाही, थेट रक्ताचा डाग दिसतो. वर्षाला दीड-दोन हजार वेळा नळी घालायची असेल तर हा फरक छोटा नाही. ‘जंतुसंसर्ग कमी होतो’ या जाहिरातीला मात्र अर्धेच गुण. वेळ चुकवून मूत्राशयात ५०० मिलीच्या वर लघवी साठू दिली, हात धुतले नाहीत, तर कुठलीही नळी वाचवत नाही.

लेप वाळला की हेच शस्त्र उलटतं. अर्धवट सुकलेला थर चिकट होतो आणि नळी काढताना आतलं अस्तर ओढतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी बसण्याची जागा, कपडे, हात आणि मूत्रमार्गाच्या तोंडाजवळची स्वच्छता, पाकीट सगळ्यात शेवटी. पाण्याची पुडी फोडायच्या प्रकारात नळी सुमारे ३० सेकंद भिजू द्यावी लागते. घाई केली तर मध्ये कोरडे पट्टे राहतात. आधीच द्रावणात बुडवलेल्या नळीत ही वाट पाहणं नाही, पण पाकीट तिरकं धरलं की पाणी मांडीवर सांडतं. लेप असलेल्या नळीवर पुन्हा जेल लावू नये. आणि ही नळी धुऊन पुन्हा वापरायची नसते.

आता पाकीट. ज्यांची बोटं नीट मिटत नाहीत (मानेच्या सी६-सी७ पातळीची इजा), त्यांच्यासाठी खरी परीक्षा इथेच आहे. बोट किंवा अंगठा अडकवता येईल असं भोक, भिंतीला पाकीट चिकटवायची टिकली आणि नळी न शिवता धरता येईल अशी बाही, या तीन गोष्टी नसतील तर उत्तमातली उत्तम नळीही जमिनीवर पडते. निसरड्या नळीला उघड्या हाताने धरणं म्हणजे ओल्या साबणाशी कुस्ती. घाऊक खरेदीआधी नमुने मागवून स्वतःच्या हाताने उघडून बघा.

माप: प्रौढांना बहुधा १२ किंवा १४ फ्रेंच (नळीची जाडी मोजायचं एकक). ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, तेव्हा १२ ची जाडी ४ मिमी. तिच्या बाहेरच्या टोकाची टोपी पांढरी, १४ ची हिरवी. फार बारीक नळीतून लघवी रेंगाळत येते. पुरुषांसाठी ४० सेंमी लांबी. बायकांसाठीची अगदी आखूड नळी पर्समध्ये मावते खरी, पण व्हीलचेअरवर बसून भांड्यापर्यंत पोचत नाही. टोक वाकडं असलेली टिमन नावाची नळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. ती घालताना टोक वरच्या दिशेला ठेवायचं असतं.

नळी मूत्राशयाच्या तोंडाशी अडली तर रेटायची नाही. त्रिकास्थी (कमरेखालच्या माकडहाडावरच्या हाडाच्या) पातळीच्या वरच्या इजेत मूत्राशय आकुंचन पावतो त्याच वेळी झडपेचा स्नायूही आवळतो. नळी तिथेच हलकी धरून दोन-चार सावकाश श्वास घ्या, स्नायू सैलावला की ती सरकते. लघवी सुरू झाल्यावर आणखी २-३ सेंमी आत. धार मध्येच थांबली म्हणजे मूत्राशय रिकामं झालं असं नाही. बहुतेकदा टोकाजवळच्या भोकात अस्तर ओढलं गेलेलं असतं. किंचित मागे घ्या, फिरवा, पुन्हा थेंब आले की थांबा.

टी६ (छातीच्या भागातला सहावा मणका) पातळीची किंवा त्याच्या वरची इजा असेल तर आधीच ओली असलेली नळी एक तरी कायम जवळ हवी. भरलेल्या मूत्राशयामुळे अचानक डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, रक्तदाब चढतो. अशा वेळी ताठ बसवून, कपडे सैल करून ताबडतोब लघवी काढायची. तरीही उतार नसेल तर लगेच इस्पितळ. अशा घाईत पाण्याची पुडी शोधत बसायला कुणाला सवड नसते.

साठवताना पाकिटं घडी न घालता ठेवा. दुमडलेल्या नळीला मुरड पडते आणि ती नेमकी झडपेपाशी वाकते. लेटेक्सरहित असल्याचा उल्लेख आणि मुदतीची तारीख प्रत्येक पेटीवर तपासा.