एमएसडब्ल्यू: समुदाय विकास घ्यावा की वैद्यकीय-मनोसामाजिक?

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. सुरुवातीला दोन्ही शाखांत फारसा फरक नसतो. व्यक्तिकार्य (एकेका व्यक्तीसोबतचं काम), गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन आणि क्षेत्रकार्य (प्रत्यक्ष जाऊन केलेलं काम) सगळ्यांनाच. फारकत पुढे होते. समुदाय विकासात ग्रामसभा, बचत गट, 2006 चा वनहक्क कायदा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क) मिळाला; त्यासाठीचा दावा कसा उभा करायचा, ते इथे कळतं: नकाशा, पुरावे, ठराव आणि ठरावाआधीची चर्चा (तीच लांबते!). दुसऱ्या शाखेत दवाखाना, समुपदेशन, पेशंटच्या घरच्यांशी बोलणं. यवतमाळातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याची घुसमट वेळीच ओळखायला हेच शिक्षण कामी येतं. नोकऱ्या मात्र बहुधा शहरातल्या दवाखान्यांत. गावातच राहायचं असेल तर मी पहिली शाखा सुचवेन. समुपदेशनाचा पाया व्यक्तिकार्यात मिळतोच.