ऑक्टाव्हिया आरएसला चेसिस ब्रेस : खालचा ठेवला, वरचा काढला

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 230 भारतात 2017 मध्ये आली. तिचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन 230 पीएस शक्ती आणि 350 न्यूटन मीटर टॉर्क देते, आणि हा सगळा जोर एकट्या पुढच्या चाकांवर येतो. मी ही गाडी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या हाताने घेतली. कोल्हापूरहून गगनबावड्याच्या वाटेवर कळे सोडल्यानंतर, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी कडा मोडलेल्या वळणांवर एक चाक खड्ड्यात गेले की पुढच्या बाजूने ‘कट’ असा आवाज येई आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडीचे तोंड किंचित उशिराने वळते आहे असे वाटे. बॉडी पिळते आहे, तिला ब्रेस (म्हणजे ती ताठ ठेवणाऱ्या जोडपट्ट्या) हवेत, असे निदान मी स्वतःच करून टाकले आणि मलेशियन बनावटीचे दोन ब्रेस मागवले : बॉनेटखालचा स्ट्रट बार आणि इंजिनाखालचा लोअर ब्रेस. दोन्ही मिळून पंचवीस हजारांच्या घरात गेले.

शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या गॅरेजमध्ये गाडी शेवटी नीट झाली, तिथल्या मिस्त्रींनी लोअर ब्रेसचे खोके उघडूही दिले नाही. गाडी लिफ्टवर घेऊन त्यांनी लोअर आर्मच्या (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशात, म्हणजे रबरी जोडात, पहारीचे टोक घातले आणि हलकेच दाबले. रबर धातूपासून सुटून चंद्रकोरीसारखी फट उघडी पडली. दोन्ही बाजूंचे बुश बदलून अलाइनमेंट केल्यावर तो आवाज संपूर्ण गेला आणि स्टीअरिंगची तक्रार निम्म्याने कमी झाली. तेव्हा ज्यांची गाडी पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेली आहे, त्यांनी बुश, शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर तपासून घेतल्याशिवाय ब्रेसवर एक रुपयाही घालू नये. पुढे लिहितो आहे ते बुश बदलल्यानंतरच्या गाडीविषयी आहे.

आधी स्ट्रट बारविषयी. दोन्ही स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंग-शॉकच्या उभ्या खांबांच्या, डोक्यांना जोडणारी ही आडवी पट्टी बॉनेट उघडल्यावर फार देखणी दिसते, आणि तिच्या खपामागे या देखणेपणाचा वाटा मोठा असावा असा माझा संशय आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या रचनेत वळणावर टायरला बसणारा आडवा रेटा प्रामुख्याने लोअर आर्ममधून बॉडीत जातो, कारण आर्मचा जोड टायरच्या टेकण्याच्या जागेपासून जवळ असतो आणि स्ट्रटचे डोके बरेच वर असते. डोक्यावर येणारा भार मुख्यतः उभा असतो आणि उभ्या भाराला आडवी पट्टी काही करू शकत नाही. त्यातून या गाडीत बारला इंजिनावरून वळसा घालून जावे लागते. सरळ नळी ताण आणि दाब उत्तम घेते, पण वाक दिलेली नळी त्याच भाराखाली वाकातच लवते. माझ्या बारच्या दोन्ही टोकांना तर बिजागरीसारखे बोल्टचे जोड होते, म्हणजे लवचिकतेची आणखी दोन ठिकाणे झाली. घ्यायचाच असेल तर टोकाच्या प्लेटा नळीला वेल्ड केलेला, एकसंध आणि शक्य तितका सरळ बार घ्यावा.

हा बार मी अधीरपणे आधीच एका परगावच्या दुकानात बसवून घेतला होता, आणि तिथे झालेला घोळ सांगायला हवा. गाडी लिफ्टवर टांगलेली असताना, हवेच्या गनने, जुनेच बोल्ट आवळण्यात आले. चाके लोंबकळत असताना बॉडीचा आकार सूक्ष्म का होईना वेगळा असतो. त्या स्थितीत आवळलेला बार गाडी खाली उतरल्यावर कायमच्या ताणात राहतो. माझा बार चढावर वळताना कुरकुरत असे. शिवाय टोकाची प्लेट चार मिलिमीटर जाडीची होती. आठ मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांमधले अंतर सव्वा मिलिमीटर असते, म्हणजे मूळ लांबीचाच बोल्ट वापरला तर पकडीतले तीन आटे कमी होतात. टॉर्क देऊन वर ठरावीक अंशांचा फेरा मारायला सांगितलेले बोल्ट मुळात ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात आणि एकदा काढले की टाकून द्यायचे असतात, हेही त्या दुकानाला ठाऊक नसावे.

उद्यमनगरच्या मिस्त्रींनी हे सर्व सोडवले. “साहेब, गाडी चारी चाकांवर उभी राहिल्याशिवाय शेवटचा पाना मारायचा नसतो,” एवढेच ते बोलले आणि पुढचे काम त्यांनी मुकाट्याने केले. बोल्ट हाताने बसवून गाडी खाली घेतली, ती दोनदा पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू दिले आणि मगच टॉर्क पाना (ठरवलेला जोर आला की टक् वाजणारा) उचलला. प्लेटेखालचे पावडर कोटिंग त्यांनी पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासून काढले, कारण रंगाचा जाड थर बोल्टच्या दाबाखाली हळूहळू चेपतो आणि पकड सैल पडते. ऑइल इंजिनांच्या काळापासून लेथवर हात बसलेल्या या वस्तीत असली शिस्त फुकट मिळते असे मी म्हणणार नाही; मजुरी अडीच हजार झाली, आणि ती रास्त होती.

लोअर ब्रेसची गोष्ट वेगळी आहे. तो सबफ्रेमची (लोअर आर्म जिला जोडलेले असतात त्या खालच्या चौकटीची) मागची टोके एकमेकांना जोडतो आणि बॉडीच्या लांबट कण्यांशी बांधतो, म्हणजे आडवा रेटा जिथून शिरतो त्या दाराशीच उभा राहतो. गगनबावड्याच्या त्याच वळणांवर त्याच टायरदाबाने गाडी चालवली, तेव्हा स्टीअरिंग मधल्या स्थितीतून हलवताना येणारा पहिला प्रतिसाद स्पष्टपणे आधी मिळू लागला. खडबडीत रस्त्यावर स्टीअरिंगची थरथरही किंचित वाढली. हा व्यवहार मला मान्य आहे, पण सोबत बसणाऱ्यांना तो मान्य असेलच असे नाही. वळणावर गाडी कलण्यात मात्र कणभरही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. कलणे कमी करणे हे अँटी-रोल बारचे काम आहे; ब्रेस मागणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरे तर तोच हवा असतो.

या ब्रेससाठी इंजिनाखालचे प्लास्टिकचे कव्हर दोन बोटे कापावे लागले. मुळातच बुटकी असलेली गाडी एका बोटाने आणखी खाली आली. आमच्या कॉलनीच्या तोंडावरच्या स्पीडब्रेकरला, चार माणसे बसलेली असताना, ब्रेस एकदा घासला. कोटिंग उडाले आणि पावसाळ्यात तिथे गंज धरला. आता तो स्पीडब्रेकर मी तिरका ओलांडतो.

मागच्या ब्रेसचा मोह मी टाळला. लोक या गाडीला सेडान म्हणतात, पण तिची डिकी मागच्या काचेसह उघडते. म्हणजे मागच्या सीटच्या पाठीमागे खऱ्या सेडानमध्ये असते तशी पत्र्याची आडवी भिंत नाही, आणि बॉडी सर्वांत कच्ची असायची ती नेमकी याच पोकळीत. ब्रेसचा उपयोग तिथे होईलही. पण 590 लिटरच्या डिकीत आडवा लोखंडी दांडा आला की सीट पाडून सामान सरकवता येत नाही, आणि दिवाळीत पुण्याच्या नातेवाइकांसाठी गुळाचे रवे कुठे ठेवायचे हा प्रश्न माझ्या घरात सस्पेन्शनहून मोठा आहे.

रंकाळ्याजवळ एका उंच कडेवर पुढचे उजवे चाक चढवून, बॉडी तिरकी पिळलेल्या स्थितीत डिकी लावून पाहण्याची जुनी परीक्षा मी स्ट्रट बारसह आणि बारशिवाय घेतली. दोन्ही वेळा डिकी त्याच जागी किंचित अडली. त्यानंतर बार काढला, नवे मूळ बोल्ट बसवले आणि बार माळ्यावर ठेवला. विमा कंपनीला दोन्ही ब्रेसविषयी आधी लेखी कळवले होते, त्यामुळे एक काढल्याचेही कळवले. लोअर ब्रेसचे बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासले, तेव्हा चारांपैकी डावीकडचा मागचा बोल्ट पाव फेऱ्याहून थोडा कमी फिरला आणि मग पाना ‘टक्’ वाजला.