इको की कॅथेटर? हृदयातला दाब मोजताना

दंडाला पट्टा बांधून कळतो तो धमनीतला दाब. हृदयाच्या कप्प्यांतला वेगळा. डावा खालचा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा दाब साधारण १२० मिमी पारा असतो, पण सैलावून भरून झाल्यावर १२ च्या आतच हवा. तो वाढला की भार मागे फुफ्फुसावर येतो आणि आडवं होताच दम लागतो. मग आपल्याकडची म्हातारी माणसं उशीवर उशी रचून रात्र काढतात आणि दोष गॅसला देतात!

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी; तो बीड, लातूर, जालन्यातही होतो. सुई नाही, भूल नाही. पण तो रक्ताच्या वेगावरून दाबाचा अंदाज बांधतो. विहिरीत न उतरता काठावरून पाणी जोखावं तसं. हा वेग बऱ्याचदा झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा मोजतात; ती गळती नीट दिसली नाही तर अंदाज हुकतो.

कॅथेटर म्हणजे मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून थेट हृदयात जाणारी बारीक नळी. १९२९ साली वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने ती स्वतःच्याच हातातून आत सरकवली; १९५६ ला नोबेल मिळालं. आकडा पक्का, पण रक्तस्रावाचा थोडा धोका.

दम लागत असेल तर माझ्या मते आधी इकोच. फुफ्फुसाच्या धमनीत दाब वाढल्याचा संशय आला, तर मात्र पक्क्या निदानाला नळी लागते.