चुंबकी डव्हटेल गाइड : नऊ महिने वापरल्यावर

डव्हटेल म्हणजे दोन फळ्या कोपऱ्यात एकमेकींत अडकवायचा जोड : एका फळीच्या टोकाला पसरत जाणाऱ्या तिरक्या शेपट्या, दुसरीच्या टोकाला त्यांच्या मधल्या जागांत बसणाऱ्या पिना. तो कापायचा हा गाइड म्हणजे मुठीत मावेल एवढा ठोकळा. तो फळीच्या तोंडावर बसवायचा. त्याच्या तिरक्या बाजूच्या आत चुंबकं असतात, ती करवतीचं पातं चिकटवून धरतात आणि करवत ठरलेल्या कोनातच चालते. माझा १:६ चा आहे, म्हणजे सहा मिलिमीटर खाली जाताना एक मिलिमीटर बाजूला. घेतला तेव्हा माझी समजूत अशी की आपला हात सरळ चालत नाही, म्हणून डव्हटेल जमत नाही. हात वाकडा चालायचा हे खरंच. पण गाइड आल्यावर काप सरळ झाले आणि फटी तशाच राहिल्या.

पहिला महिनाभर मी पाइनच्या १८ मिलिमीटरच्या तुकड्यांवर रोज एक जोड करायचा नेम धरला. प्रत्येकावर पेन्सिलने नंबर टाकून तो खोक्यात ठेवला (टाकून देऊ नका, पुढे उपयोगी पडतात). शेपट्या पहिल्याच आठवड्यात देखण्या निघाल्या. मग त्यावरून पिना आखायच्या, कापायच्या, जोडायच्या, आणि प्रत्येक पिनेच्या एका कडेला जाड कागद सहज सरकेल एवढी फट. सात-आठ जोड शेजारी मांडून बघितले तेव्हा लक्षात आलं की फट नेहमी त्याच कडेला आहे आणि साधारण तेवढीच आहे. हात थरथरल्याची चूक अशी शिस्तीत होत नाही.

दोष होता मी ठोकळा कुठे ठेवत होते त्यात. करवत काही शून्य जाडीची नसते, तिच्या दात्यांनी पडणारी खाच माझ्या करवतीत अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर जाते. ठोकळा लाकडाच्या राहणाऱ्या भागावर ठेवून त्याची कड रेषेला लावली, तर खाच फेकायच्या भागात पडते. ठोकळा फेकायच्या भागावर ठेवला, तर अख्खी खाच पिनेतून जाते. मी पिनेची एक कड बरोबर कापत होते आणि दुसऱ्या कडेला ठोकळा पलटायचा आळस करत होते. शेपट्यांत ही चूक पचून जायची, कारण शेपटी जशी निघेल तशीच पुढे पिनेवर उतरते. पिनेला माफी नाही. हे कळल्यावर मी फेकायच्या भागावर मोठी फुली मारायला लागले आणि 'ठोकळा फुलीवर नको' हे वाक्य बाकावर लिहून ठेवलं.

कोनावरून लोक फार वाद घालतात. मऊ लाकडाला १:६, कठीण लाकडाला १:८ असा जुना हिशेब आहे. अंशांत सांगायचं तर साधारण साडेनऊ आणि सात. १८ मिलिमीटरच्या फळीत हा फरक पाऊण मिलिमीटरचा पडतो. शेपट्या थोड्या कमीजास्त तिरक्या झाल्या तरी जोड घट्ट बसतो. काप फळीच्या जाडीतून काटकोनात गेला नाही, तर मात्र जोड बसत नाही, कारण मग पुढून दिसणारी शेपटी आणि मागून दिसणारी शेपटी वेगळ्या मापाच्या होतात आणि पिना आखताना तुम्ही त्यातली एकच उतरवता. माझ्या मते या गाइडची खरी किंमत इथे आहे. कोन कुणीही पेन्सिलने आखेल, पण जाडीतून काटकोनात जाणं नवशिक्याच्या हाताला जड जातं.

अट एकच. फळीचं तोंड रंध्याने साफ आणि गुण्यात, म्हणजे काटकोनात, हवं. ठोकळा त्या तोंडावर बसतो, तेव्हा तोंड कलतं असेल तर ठोकळा तो कल इमानदारीने प्रत्येक कापात उतरवतो. माझ्या खोक्यातले अकरा ते चौदा नंबर याचे पुरावे आहेत.

आता गाइड जिथे काहीच मदत करत नाही ते काम, म्हणजे शेपट्यांवरून पिना आखणं. पिनेची फळी व्हाइसमध्ये उभी, तिच्या तोंडावर खडू घासलेला, वर शेपट्यांची फळी आडवी. वरची फळी केसभर जरी सरकली तरी जोड गेला. आधी मी पेन्सिल वापरायचे. पेन्सिलीचं टोक शेपटीच्या कडेपासून थोडं लांबच चालतं, त्यामुळे पिना बारीक निघायच्या. आता पातळ सुरी, शेपटीच्या कडेला टेकवून, पहिली ओढ अगदी हलकी. जोर दिला की सुरी लाकडाच्या रेषांबरोबर भरकटते. दुसऱ्या ओढीला जोर. खडूत बारीक काळी रेघ दिसते आणि करवत त्या रेघेला खेटून फुलीच्या बाजूने. जोड अडला तर शेपट्यांच्या आतल्या बाजूंना मऊ पेन्सिल घासते, हलकेच ठोकून जोड पुन्हा उघडते. पिनेवर जिथे काळी चमक दिसेल तेवढाच कीस पटाशीने काढायचा. अंदाजाने कुठेही कोरलं की फट नक्की.

पटाशीचं थोडक्यात सांगते. पाइन मऊ म्हणून सोपं वाटतं, पण पटाशी बोथट असेल तर आडव्या तोंडाचे (फळीच्या टोकाला आडवे कापलेले) तंतू कापले न जाता चिरडतात आणि भुगा होऊन निघतात. २५ अंशांची धार, टोकाला ३० अंशांची बारीक दुसरी धार. तळरेषेवर, म्हणजे शेपट्या-पिना जिथे संपतात त्या रेघेवर, मधोमध थोडं खोल कोरलं तरी चालतं, कारण आडव्या तोंडाला गोंद तसाही नीट धरत नाही. बाहेरून दिसणाऱ्या कडा तेवढ्या टेकायला हव्यात.

गाइडबद्दल तक्रारी आहेतच. चुंबकांवर जी गुळगुळीत पट्टी चिकटवलेली असते ती तिसऱ्या महिन्यात कडेने सुटली, चौथ्यात पूर्ण निघाली. त्याशिवाय करवत चालवली तर दाते धातूवर घासतात, म्हणून तसं मुळीच करू नका. ओढून चालवायच्या जपानी करवतीचं पातं फार पातळ असतं, चुंबक ते ओढून धरतो आणि काप सुरू करताना ते किंचित वाकतं. माझ्याकडे पाठीवर पितळी पट्टी असलेल्या जाड पात्याच्या करवतीनेच तो नीट चालला. आणि धार लावायच्या जागेजवळ ठेवलात तर लोखंडाचा कीस चिकटून बसतो, पुसायला वेळ लागतो.

सहाव्या महिन्यात मी गाइड बाजूला ठेवून शेपट्या नुसत्या हाताने कापून बघितल्या. जमल्या. आता शेपट्यांना तो लागत नाही, सागवानात पिना कापताना मात्र अजून काढते, कारण तिथे चूक झाली तर लाकूड दाबून सामावून घेत नाही. सुटलेल्या पट्टीच्या जागी पॅकिंगची साधी चिकटपट्टी लावलीय. वीसेक जोडांनंतर बदलावी लागते.